टोरोंटोचे हिवाळी पाहुणे

मार्गशीर्ष लागला की बडोद्याजवळच्या वढवाणा तलावावर उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांचे थवे उतरू लागतात. हा तलाव निसर्गाने दिलेला नव्हे. गायकवाडांच्या राजवटीत, १९१० साली, शेतीला पाणी मिळावे म्हणून तो बांधण्यात आला. परंतु पक्ष्यांना तलाव कोणी बांधला याच्याशी कर्तव्य नसते. डोक्यावर दोन काळे पट्टे मिरविणारा पट्टकादंब हिमालयाची भिंत ओलांडून येथे येतो, आणि इंदूरच्या सिरपूर तलावावर बदकांची दाटी होते ती याच दिवसांत. त्यामुळे आपल्याकडे एक समजूत सहजच रूढ झाली आहे. उत्तर म्हणजे थंडी, दक्षिण म्हणजे ऊब, आणि पक्षी थंडीकडून उबेकडे येतात. ही समजूत खोटी नाही. पण ती अपुरी आहे. ज्या नगरात जानेवारी महिन्यात रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फाचे ढीग साचतात, जेथील माणसे शक्य झाल्यास स्वतःच दक्षिणेकडे पळ काढतात, ते नगरसुद्धा कोणा पक्ष्याच्या दृष्टीने ऊबदार दक्षिण असू शकते. कॅनडातील टोरोंटो हे असे नगर आहे.

टोरोंटो वसले आहे ऑन्टारिओ सरोवराच्या उत्तर तीरावर. उत्तर अमेरिकेतील पाच महासरोवरांत हे क्षेत्रफळाने सर्वांत लहान. तथापि लहान म्हणजे किती, तर त्याचा विस्तार सुमारे १९,००० चौरस किलोमीटर आहे. सबंध गोव्यासारखे पाच प्रदेश त्यात मावतील. समोरचा तीर दिसत नाही; नवख्याला हा समुद्रच वाटतो. जानेवारीत येथील सरासरी तापमान शून्याखाली चार-पाच अंश असते आणि एखाद्या रात्री ते शून्याखाली वीसपर्यंतही उतरते. असे असूनही हे सरोवर बहुतेक हिवाळ्यांत मधोमध मोकळेच राहते. त्याचे कारण त्याच्या खोलीत आहे. सर्वांत खोल जागी त्याचा तळ २४४ मीटरवर लागतो. पाणी चार अंशांवर असताना सर्वांत जड असते. पृष्ठावरचे पाणी थंड होऊन खाली जाते, खालचे वर येते, आणि उन्हाळ्यात साठविलेली उष्णता संपेपर्यंत हा व्यवहार चालू राहतो. एवढे खोल पात्र पुरते थंड होईपर्यंत वसंत दारात येऊन उभा राहतो. शेजारचे ईरी सरोवर क्षेत्रफळाने मोठे पण उथळ. ते बहुतेक हिवाळ्यांत मोठ्या प्रमाणावर गोठते. ऑन्टारिओ गोठत नाही, आणि या एका गोष्टीवर सहस्रावधी पक्ष्यांचा हिवाळा अवलंबून असतो.

या पाण्यावरचा खरा मानकरी म्हणजे लांबशेपट्या बदक. ध्रुवप्रदेशातील वृक्षहीन मैदानांत, छोट्या तळ्यांच्या काठी याची वीण होते. तेथील तळी शरद ऋतूतच गोठू लागतात, आणि हा पक्षी दक्षिणेकडे निघतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याचे थवे टोरोंटोच्या किनाऱ्यासमोर दिसू लागतात. नराचा हिवाळी वेश पांढरा, तपकिरी आणि काळा असा तिरंगी. शेपटीची मधली दोन पिसे लांब, बारीक आणि किंचित वर वळलेली. बदकांच्या कुळात वर्षातून दोनदा पोशाख बदलण्याची चाल आहे, पण हा पक्षी त्याहूनही हौशी. त्याची पिसे टप्प्याटप्प्याने वर्षाचा बराच काळ बदलत राहतात, आणि उन्हाळ्यात हाच नर ओळखू येऊ नये इतका काळसर दिसतो. त्याचा आवाज मात्र बदलत नाही. बहुतेक बदके हिवाळ्यात मुकी असतात. हा पक्षी भर जानेवारीत, वाऱ्याने पाणी उसळत असतानाही, तीन-चार सुरांची एक लकेर सारखी घेत असतो. थवा मोठा असला म्हणजे दूरवर कोठेतरी जत्रेतला गलबला चालला आहे असा भास होतो. या आवाजावरूनच त्याला फ्रेंचभाषी कॅनडात ‘काकावी’ म्हणतात, आणि तो शब्द त्यांनी तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतून घेतला. त्याच्या जुन्या इंग्रजी नावात मात्र मूळ रहिवासी स्त्रियांविषयी वापरला जाणारा एक हीन शब्द होता. ते नाव अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञांच्या संघाने २००० साली सोडून दिले. पक्ष्याला याची वार्ता नाही, तो आपली लकेर घेतोच आहे.

त्याची दुसरी विद्या पाण्याखालची. सुमारे साठ मीटरपर्यंत तो बुडी मारू शकतो. हे प्रथम कसे कळले, ते सांगण्यात फारसा आनंद नाही. महासरोवरांतील कोळ्यांच्या खोल पाण्यात टाकलेल्या जाळ्यांत हे पक्षी अडकून बुडून मेलेले सापडत. जाळे किती खोल होते ते कोळ्याला ठाऊक असे. विसाव्या शतकाच्या मध्याला मिशिगन सरोवरात असे पक्षी हजारोंनी मेले. आज या पक्ष्याची गणना जगभर संकटाच्या छायेत असलेल्या जातींत होते.

त्याच्या सोबतीला इतर अनेक बदके असतात. सोनेरी डोळ्यांचे ‘गोल्डनआय’ उडाले की त्याच्या पंखांतून शीळ निघते. धुक्यात पक्षी न दिसताही त्याचे नाव सांगता येते. ‘बफलहेड’ हे मुठीएवढे काळेपांढरे बदक सुतारपक्ष्याने कोरून सोडलेल्या ढोलीत घरटे करते, म्हणून ते इतके लहान राहिले असावे अशी कल्पना आहे. करवतीच्या दातांसारखी चोच असलेले मासेखाऊ ‘मर्गँझर’ बंदराच्या तोंडाशी रांगेने पोहतात. आणि किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात गडवाल नावाचे साधे करडे बदक असते. माळव्यातल्या आणि गुजरातेतल्या तलावांवर येणारे गडवाल ते हेच. आपल्याकडचे मध्य आशियातून येतात, तेथील पक्षी कॅनडाच्या गवताळ प्रदेशातून. जात एक, प्रवास निराळे. कॅनडा कादंबाविषयी फारसे सांगण्याची गरज नाही. एके काळी दक्षिण ऑन्टारिओतून तो जवळजवळ नाहीसा झाला होता, माणसांनी तो प्रयत्नपूर्वक परत आणला, आणि आता बागांतील हिरवळीवर त्याने केलेली घाण काढता काढता नगरपालिका त्रासून गेली आहे.

या बदकांच्या ताटात गेल्या काही दशकांत एक नवा पदार्थ आला. १९८८ साली महासरोवरांच्या जलमार्गात, सेंट क्लेअर सरोवरात, पट्टेदार शिंपल्यांची एक परदेशी जात आढळली. कॅस्पियन आणि काळ्या समुद्राकडची ही जात. जहाजांनी तोल राखण्यासाठी भरून आणलेल्या पाण्यातून ती येथे पोहोचली. थोड्याच वर्षांत तिने आणि तिच्या एका भाईबंदाने तळाचे खडक, नळ, जहाजांचे बूड सारे व्यापले. बदकांना घरबसल्या मेजवानी मिळाली, आणि काही जातींची बदके पूर्वीपेक्षा मोठ्या संख्येने येथे थांबू लागली. पण हे शिंपले पाणी गाळून खातात, आणि पाण्यात जे काही घातक असेल तेही त्यांच्या अंगात साठते. तेथून ते बदकांच्या अंगात उतरते. तेव्हा हे अन्न वरदान की आणखी काही, याचा निर्णय घाईने करण्यासारखा नाही.

मोकळ्या पाण्याचा हा आधार नेहमीच टिकतो असेही नाही. २०१३-१४ चा हिवाळा अतिशय कडक गेला. मार्च २०१४ च्या आरंभी पाचही महासरोवरांचा मिळून ९२ टक्क्यांहून अधिक पृष्ठभाग बर्फाखाली गेला होता. बुडी मारून पोट भरणाऱ्या पक्ष्यांना जेथे पाणी मोकळे तेथे दाटी करावी लागली. तेथले अन्न संपले आणि अनेक बदके उपासमारीने मेली. आपल्या टिबुकलीच्या कुळातला लालमानेचा एक मोठा पक्षी तेथे असतो. त्याचे पाय शरीराच्या अगदी मागे असतात. पोहण्याला ही रचना उत्तम, पण जमिनीवरून त्याला उडताच येत नाही; पाण्यावर लांब धाव घेतल्यावरच पंख उचलतात. त्या हिवाळ्यात पाणी शोधत निघालेले असे पक्षी ओल्या, चकाकणाऱ्या रस्त्यांना पाणी समजून उतरले आणि तेथेच अडकले. लोकांनी ते खोक्यांत भरून पक्षी-शुश्रूषा केंद्रांत पोहोचविले आणि तेथून त्यांना मोकळ्या पाण्यावर सोडण्यात आले. दिसायला हे लहानसे काम. पण एका पक्ष्याच्या बाजूने पाहिले तर ते सर्वस्व होते.

टोरोंटोत हिवाळी पक्षी पाहणाऱ्याला एका जागी जावेच लागते. ही जागा म्हणजे लेस्ली स्ट्रीटच्या टोकापासून सरोवरात सुमारे पाच किलोमीटर घुसलेली जमिनीची पट्टी. ती मनुष्यनिर्मित आहे, आणि तीही नकळत. १९५९ साली सेंट लॉरेन्स नदीचा जलमार्ग मोठ्या जहाजांना खुला झाला. आता सागरी व्यापार टोरोंटोच्या दारात येणार, त्यासाठी बाहेरचे मोठे बंदर हवे, आणि बंदराला लाटांपासून आडोसा हवा, असा हिशेब करून त्याच वर्षी भराव टाकण्यास आरंभ झाला. नगरातल्या पाडलेल्या इमारतींच्या विटा, काँक्रीट, लोखंडी सळ्या, पायांसाठी खणलेली माती, बंदरातून उपसलेला गाळ, सारे येथे येऊन पडू लागले. पुढे व्यापाराची रीत पालटली, पेट्यांतून माल नेणारी जहाजे समुद्रकाठच्या बंदरांवरच थांबू लागली, आणि जे बंदर बांधायचे होते त्याची गरजच उरली नाही. भराव मात्र पडून राहिला. त्यावर वाऱ्याने बी आणले. पॉप्लर कुळातील कॉटनवुडची झाडे उभी राहिली, खोलगट जागी तळी झाली, पक्षी आले. मग या पट्टीवर नौकाक्लब आणि करमणुकीच्या सोयी करण्याच्या योजना निघाल्या. त्यांना विरोध करण्यासाठी १९७७ साली नागरिकांनी एक मंडळ स्थापन केले, आणि गाड्यांना मज्जाव असलेले, होता होईल तो रानटीच ठेवलेले हे स्थान टिकून राहिले ते बऱ्याच अंशी त्या मंडळाच्या चिकाटीमुळे. पुढे त्याला टॉमी थॉम्प्सन यांचे नाव देण्यात आले. हे गृहस्थ नगराच्या उद्यानखात्याचे प्रमुख होते. हिरवळीवर चालू नये असे फलक सर्व जगात लागतात. यांनी ‘कृपया हिरवळीवर चाला’ असे फलक लावले. या पट्टीवर आजवर तीनशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. उन्हाळ्यात येथे पाणकावळ्यांची प्रचंड वसाहत असते. हिवाळ्यात ती झाडे ओकीबोकी, विष्ठेने पांढरी पडलेली उभी असतात, आणि त्यांच्यापलीकडे विटांच्या ढिगाऱ्यावर कधी कधी हिमघुबड बसलेले असते.

हिमघुबड म्हटले की पाहणाऱ्यांची पावले आपोआप जलद होतात. हा पक्षी ध्रुवीय प्रदेशातला. पंखांचा पसारा सुमारे दीड मीटर, वजन दोन किलोच्या आसपास. प्रौढ नर जवळजवळ शुभ्र, माद्या आणि पिल्ले काळ्या आडव्या रेघांची. आपल्याकडच्या घुबडांप्रमाणे ते झाडीत लपत नाही, कारण त्याच्या देशात झाडेच नाहीत. मोकळे मैदान, विमानतळ, बंदराचा धक्का, गोठलेले सरोवर ही त्याला घरासारखी वाटणारी स्थळे. काही हिवाळ्यांत ते एखाददुसरे येते, काहींत डझनांनी येते. याचे स्पष्टीकरण पूर्वी सोपे दिले जाई: उत्तरेत लेमिंग नावाचे उंदरांसारखे प्राणी संपले, म्हणून उपाशी घुबडे दक्षिणेकडे आली. लेमिंगांची संख्या तीन-चार वर्षांच्या फेऱ्याने चढते आणि उतरते हे खरेच आहे. पण २०१३-१४ च्या हिवाळ्यात, जेव्हा अनेक दशकांत आली नव्हती एवढी हिमघुबडे महासरोवरांभोवती आणि अटलांटिक किनाऱ्यावर उतरली, तेव्हा चित्र उलटे निघाले. त्या उन्हाळ्यात उत्तर क्वेबेकमध्ये लेमिंगांचा सुकाळ होता. तेथील एका घरट्याच्या प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रात पिल्लांभोवती सत्तर लेमिंगांची आरास मांडलेली दिसते. अन्न भरपूर, म्हणून अंडी अधिक. अंडी अधिक, म्हणून पिल्ले अधिक. आणि हिवाळा येताच ती तरुण प्रजा बाहेर लोटली गेली. दक्षिणेत आलेली पुष्कळ घुबडे धष्टपुष्ट होती. म्हणजे ज्याला लोक दुष्काळाची खूण समजत होते, ती सुगीची खूण होती.

त्याच हिवाळ्यात काही अभ्यासकांनी या घुबडांच्या पाठीवर सूर्यप्रकाशावर चालणारी, दूरध्वनीच्या मनोऱ्यांमार्फत ठावठिकाणा कळविणारी हलकी यंत्रे बांधण्यास सुरुवात केली. त्यातून कळले की काही घुबडे आठवडेच्या आठवडे गोठलेल्या सरोवरावरच मुक्काम ठोकतात. दिवसा बर्फावर बसून राहतात, आणि रात्री बर्फातील मोकळ्या भेगांत दाटीने राहिलेल्या बदकांवर झडप घालतात. लेमिंग खाणाऱ्या पक्ष्याला बदकाची शिकार कोणी शिकविली, हा प्रश्न विचारता येईल. परंतु ज्या प्राण्याचे घर गोठलेल्या समुद्राच्या काठी आहे त्याला बर्फातील भेगेचे महत्त्व शिकविण्याची आवश्यकता नसावी.

येथे एका वादाला तोंड फुटते, आणि तो वाद टोरोंटोतल्या पक्षिप्रेमी मंडळींत गेली कित्येक वर्षे धुमसत आहे. पक्षी दिसला तर तो कोठे दिसला हे सांगावे की नाही? साध्या बदकाच्या बाबतीत प्रश्न उद्भवत नाही. सरोवर मोठे आहे, पाहणारे काठावर, बदक पाण्यात. पण घुबड दिसल्याची वार्ता पसरताच दुसऱ्या दिवशी तेथे मोठमोठ्या भिंगांचे कॅमेरे घेतलेली माणसे गोळा होतात. कोणी जवळून छायाचित्र मिळावे म्हणून पक्ष्याला पुनःपुन्हा उठवितो. कोणी दुकानातून पांढरे उंदीर विकत आणून बर्फावर सोडतो, म्हणजे घुबड कॅमेऱ्याच्या दिशेने झेपावते आणि चित्र मनासारखे येते. दिवसा विश्रांती घ्यावयाची आणि शक्ती राखून रात्री शिकार करावयाची, हा ज्या पक्ष्याचा जगण्याचा हिशेब आहे त्याला दर उड्डाणाची किंमत मोजावी लागते. आणि माणूस म्हणजे आयते अन्न असे एकदा त्याच्या मनात ठसले, तर ते रस्त्याकडे, म्हणजेच मोटारींकडे, ओढले जाते. देवदाराच्या दाट फांद्यांत दिवसभर निश्चल बसणाऱ्या लहान घुबडांची, म्हणजे लंबकर्ण घुबड आणि मूठभर आकाराचे ‘सॉ-व्हेट’ यांची अवस्था तर अधिकच नाजूक. त्यांची भिस्त न दिसण्यावर. झाडाखाली दहा माणसे उभी राहिली की कावळ्यांना पत्ता लागतो.

म्हणून अनेक पक्षिमंडळांनी घुबडांची ठिकाणे प्रसिद्ध न करण्याचा दंडक घालून घेतला आहे. २००२ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिप्रयोगशाळेने आणि ऑड्युबॉन संस्थेने ‘ईबर्ड’ नावाची जी सार्वत्रिक नोंदणी सुरू केली, तीत आता संवेदनशील ठरविलेल्या जातींचे नेमके स्थळ झाकून ठेवण्याची सोय आहे. या धोरणाला विरोधही आहे, आणि तो सर्वस्वी पोकळ नाही. नवा अभ्यासक, शाळकरी मुलगा, नुकताच त्या देशात स्थायिक झालेला परका माणूस यांना घुबड कोण दाखविणार? ओळखीपाळखीच्या मंडळींनी आपापसांत कुजबुजत पक्षी पाहावेत आणि बाकीच्यांनी पुस्तकातील चित्रांवर समाधान मानावे, हे रुचण्यासारखे नाही. ज्याने घुबड कधी पाहिलेच नाही तो घुबडाच्या रानासाठी भांडायला का येईल? दोन्ही पक्षांच्या बोलण्यात तथ्य आहे. तथापि घुबडाला या वादात मत नाही, आणि हिवाळा त्याचाच पणाला लागलेला आहे. एवढे ध्यानात घेतले तर मौनाचे पारडे जड ठरते. एखाद्या जाणत्याने चार नवशिक्यांना बरोबर न्यावे, दुरून दाखवावे आणि दहा मिनिटांत परत आणावे, हा मध्यममार्ग पुष्कळ ठिकाणी चालू आहे, आणि त्यात शहाणपणा दिसतो.

या हिवाळी पाहुण्यांत एक पाहुणा असा आहे की तो परत आला हेच आश्चर्य. रणशिंगासारखा आवाज काढणारा ‘ट्रंपेटर’ हंस हा उत्तर अमेरिकेतील सर्वांत मोठा जलपक्षी. नराचे वजन दहा-बारा किलो भरते. मांसासाठी, मऊ पिसांसाठी, लिहिण्याच्या लेखण्यांसाठी त्याची शतकभर कत्तल झाली. ऑन्टारिओ प्रांतातला शेवटचा रानटी हंस १८८६ साली ईरी सरोवराच्या काठी बंदुकीला बळी पडला असे मानले जाते. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे हा आवाज प्रांतात ऐकू आला नाही. १९८२ साली हॅरी लम्सडेन या प्रांताच्या निसर्गसंपत्ती खात्यातील जीवशास्त्रज्ञाने त्याला परत आणण्याचे काम हाती घेतले. पश्चिमेकडील रानटी हंसांची अंडी आणण्यात आली. आरंभी ती युरोपातून आणलेल्या मुक्या हंसांच्या घरट्यांत ठेवून पाहिली. दाईकडून फारसे साधले नाही. मग हंसांच्या जोड्या पाळून त्यांची पिल्ले वाढवायची आणि मोकळी सोडायची असा मार्ग धरला. शेतकरी, निवृत्त माणसे, तळ्याकाठी घर असलेली कुटुंबे यांनी आपापल्या तळ्यांत या जोड्या सांभाळल्या. पिल्लांच्या पंखांवर आकड्यांच्या पिवळ्या चकत्या लावण्यात आल्या, म्हणजे कोणता हंस कोठे गेला हे काठावरच्या माणसालाही सांगता यावे.

पण एक अडचण कोणाच्या हातची नव्हती. हंसाचे पिल्लू दक्षिणेची वाट आईबापांमागे उडून शिकते. येथे वाट दाखविणारे आईबापच नव्हते. शंभर वर्षांत ती वाट विसरली गेली होती. आणि जी वाट कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नाही ती माणूस तरी कशी शिकविणार? मोकळे सोडलेले हंस मग ऑन्टारिओ सरोवराच्या न गोठणाऱ्या कोपऱ्यांत गोळा होऊ लागले. सरोवराच्या पश्चिम टोकाला बर्लिंग्टन येथील बंदरात त्यांचा मोठा थवा हिवाळा काढतो, आणि टोरोंटोत स्कारबरोच्या कड्यांखाली, ब्लफर्स पार्कच्या पाण्यातही ते दिसतात. आणखी एक शत्रू तळाशी होता. शिकाऱ्यांच्या काडतुसांतले शिशाचे छर्रे वर्षानुवर्षे गाळात साठलेले. हंस लांब मान घालून तळाचे कंद उपटतो आणि खड्यांबरोबर छर्रे गिळतो. कितीतरी हंस असे विषबाधेने गेले. जलपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे वापरण्यास सबंध कॅनडात १९९९ सालापासून बंदी आहे. गाळातले जुने शिसे मात्र बंदीने नाहीसे होत नाही. इतके असूनही ऑन्टारिओतील या हंसांची संख्या आता हजाराच्या पुढे गेली आहे, आणि त्यांतले बहुसंख्य रानातच जन्मलेले, पंखावर चकती नसलेले आहेत.

सरोवराकडे पाठ करून नगरात शिरले तर पक्षी लहान होतात. हाय पार्क या जुन्या उद्यानात काळ्या टोपीचा ‘चिकडी’ हातावरचे बी उचलून नेतो. हा आपल्या राखी वल्गुलीचा चुलतभाऊ. वजन अवघे अकरा-बारा ग्रॅम. शून्याखाली वीस अंशांच्या रात्री एवढासा जीव कसा तगतो? तो अंगातील ऊब जाणूनबुजून खाली आणतो. शरीराचे तापमान रात्रीपुरते दहा-बारा अंशांनी उतरवून तो इंधन वाचवितो. आणि शरद ऋतूत एकेक बी सालीच्या फटीत, पानाखाली, शेवाळात असे शेकडो-हजारो जागी लपवून ठेवतो. त्या जागा त्याला आठवतात. त्याच्या मेंदूतील स्मरणाचा भाग यासाठी विशेष मोठा असल्याचे संशोधकांना आढळले आहे. बर्फावर निखाऱ्यासारखा दिसणारा लाल ‘कार्डिनल’ मात्र येथला मूळचा नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑन्टारिओत तो दुर्मिळ होता. घरोघरी दाणे टांगण्याची पद्धत वाढली तसा तो उत्तरेकडे सरकला.

उत्तरेच्या अरण्यातून येणारे बीजभक्षी पक्षी काही वर्षी झुंडीने येतात आणि काही वर्षी फिरकतच नाहीत. स्प्रूस, बर्च, माउंटन ॲश या झाडांना त्या वर्षी बी-फळ किती धरले, यावर ते ठरते. रॉन पिटावे या ऑन्टारिओतील पक्षितज्ज्ञाने १९९९ पासून दर शरद ऋतूत झाडांच्या पिकाची खबर गोळा करून कोणता पक्षी येईल याचे भाकीत वर्तविण्यास सुरुवात केली. पुढे ते काम इतरांनी चालू ठेवले. आपल्याकडे पंचांगवाले पावसाचे भाकीत करतात त्यापेक्षा हे बरेच खरे ठरते, कारण ते ग्रहांवरून नव्हे, शंकूफळांवरून केलेले असते.

या सर्व नोंदींचा पाया मात्र जुना आहे. पूर्वी अमेरिकेत नाताळच्या दिवशी दोन तट पाडून शिकारीला जाण्याची चाल होती. ज्या तटाने अधिक पशुपक्षी मारले तो जिंकला. १९०० साली फ्रँक चॅपमन या पक्षिशास्त्रज्ञाने सुचविले की त्याऐवजी पक्षी मोजावेत. पहिल्या नाताळात सत्तावीस माणसांनी पंचवीस ठिकाणी पक्षी मोजले. त्या पंचवीसांत टोरोंटो होते. १९२५ पासून तर टोरोंटोत ही गणना वर्षानुवर्षे चालत आली आहे. सुमारे चोवीस किलोमीटर व्यासाचे एक वर्तुळ, एक दिवस, आणि पहाटेपासून अंधार पडेपर्यंत त्यात वाटून दिलेल्या वाटांनी हिंडणारी माणसे. बोटे बधिर होतात, दुर्बिणीच्या भिंगावर श्वासाचे बाष्प गोठते, पेनातील शाई गोठते म्हणून पेन्सिलीने लिहावे लागते. काही मार्गांवर दिवसभरात हाती लागते ते शंभर चिमण्या आणि एक कावळा. पण तोही आकडा लिहिला जातो, आणि शतकभराच्या अशा आकड्यांतूनच कोण वाढले, कोण ओसरले हे कळते. २०१९ साली उत्तर अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९७० पासून त्या खंडातले सुमारे तीनशे कोटी पक्षी कमी झाल्याचे दाखविले. त्या अभ्यासात अशा गणनांचा मोठा हातभार होता. त्याच अभ्यासात बदके आणि हंसकुळातील पक्षी मात्र वाढलेले आढळले. शिकाऱ्यांनी आपल्या शिकारीसाठी का होईना, पाणथळी राखण्याला पैसा पुरविला, हे त्याचे एक कारण. निखळ पक्षिप्रेमाने जे साधले नाही ते तेथे स्वार्थाने साधले, ही गोष्ट थोडी खटकते, पण ती आहे.

फेब्रुवारी उलटता उलटता बंदरातील गोल्डनआय नर मान मागे टाकून, चोच आभाळाकडे करून माद्यांभोवती फेर धरू लागतात. पाण्यात अजून बर्फाचे तुकडे तरंगत असतात. मार्चमध्ये हिमघुबडे एकेक करून उत्तरेकडे निघतात. लांबशेपट्या बदकांना मात्र घाई नसते, कारण त्यांच्या देशातली तळी जूनपर्यंत उघडणार नाहीत. एप्रिलभर ती येथेच राहतात, पांढरा वेश उतरवून काळसर चढवितात आणि पूर्वीपेक्षाही अधिक गलबला करतात. मे महिन्याच्या मध्यास, लेस्ली स्ट्रीटच्या भरावावर पाकोळ्या पोहोचलेल्या असतात, पाणकावळे अंडी उबवीत असतात, तेव्हा एखाद्या संध्याकाळी हे थवे पाण्यावरून उठतात, बंदराच्या दिव्यांवरून उंच चढतात आणि रात्रीच्या अंधारातून ध्रुवाच्या दिशेने जातात.